ट्यूबात हवा भरायची नसते

अमेरिकेतल्या शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट किंवा क्लॅरिनेट वाजवणारी मुलं बहुधा स्वतःचं वाद्य घेऊन येतात. ट्यूबा हे पितळी फुंकवाद्य महाग आणि अवजड, त्यामुळे तो सहसा शाळेचाच असतो. शाळा सुटली की ट्यूबाही सुटतो. तीस-पस्तीस वर्षांनी, मुलंबाळं मार्गी लागल्यावर, पुन्हा फुंकण्याची हुक्की येते. अशा मंडळींसाठी आणि प्रौढपणी प्रथमच वाद्य हाती घेणाऱ्यांसाठी रॉचेस्टरच्या ईस्टमन स्कूल ऑफ म्युझिकमध्ये रॉय अर्न्स्ट यांनी १९९१ साली ‘न्यू होरायझन्स’ हा बँड उभा केला. म्हणजे पहिला ट्यूबा विकत घ्यायची वेळ येते ती पन्नाशी-साठीत.

आणि पहिला सल्ला मिळतो, “मोठा घेऊ नका, भरायला श्वास पुरणार नाही.”

वयाबरोबर श्वास कमी होतो हे खरं. तिशीनंतर फुप्फुसांची क्षमता वर्षाला साधारण २०-३० मिलिलिटरने घटत जाते. पण ट्यूबा भरायचा नसतोच. तो आधीपासून हवेने भरलेला असतो. ओठ थरथरतात, त्यातून दाबाच्या लहरी नळीत शिरतात, कर्ण्याच्या तोंडाशी त्यांचा बराच भाग परत फिरतो आणि नळीत स्थिर लहर उभी राहते. श्वास किती खर्च होणार हे मुख्यतः सूर किती खालचा आणि किती जोरात यावर ठरतं, वाद्याच्या पोटात किती जागा आहे यावर नाही. शिकागो सिंफनीत १९४४ ते १९८८ ट्यूबा वाजवणारे अर्नोल्ड जेकब्स यांच्या फुप्फुसांची क्षमता कमी होती, तरी ते ‘यॉर्क’ कंपनीचा अवाढव्य सी ट्यूबा वाजवत.

मोठ्या ट्यूबाची खरी अडचण पाठीला आणि खांद्याला कळते. दहा-बारा किलोचं पितळ मांडीवर तासभर तोलायचं, गाडीत चढवायचं, उतरवायचं. आकाराच्या लेबलांवर मात्र विसंबू नये. तीन-चतुर्थांश, पाच-चतुर्थांश ही मापं जो तो कारखाना आपल्या मर्जीने लावतो.

ट्यूबा बी-फ्लॅट, सी, ई-फ्लॅट आणि एफ अशा चार पट्ट्यांत मिळतो. शाळेत बी-फ्लॅट वाजवला असेल तर तोच घ्यावा, असं माझं मत. ओठांचे स्नायू सरावाविना लवकर ढिले पडतात, पण कुठल्या सुराला कुठलं बोट ही सवय मेंदूत वर्षानुवर्षं टिकते. पट्टी बदलली की हीच सवय आडवी येते.

तडजोड करू नये ती चौथ्या व्हॉल्व्हबाबत. व्हॉल्व्ह दाबला की नळीला जादा तुकडा जोडला जातो आणि सूर उतरतो. दुसरा अर्धा स्वर उतरवतो, पहिला एक, तिसरा दीड. बी-फ्लॅट ट्यूबाची मूळ नळी सुमारे साडेपाच मीटर. अर्ध्या स्वरासाठी ती सुमारे सहा टक्क्यांनी वाढवावी लागते, म्हणून हे तुकडे अंदाजे ३३, ६७ आणि १०४ सेंटीमीटरचे. तिन्ही एकदम दाबले तर तीन स्वर उतरायला हवेत. बेरीज येते २०४, आणि गरज असते जवळपास २२८ची. कारण प्रत्येक तुकडा मूळ नळीच्या मापाने कापलेला. नळी आधीच लांबली असेल तर तो अपुरा पडतो. इथे सूर जवळजवळ पाव स्वर चढा लागतो, ओठांनी ओढून खाली आणायला बराच चढा. चौथा व्हॉल्व्ह एकटाच अडीच स्वर उतरवतो. दुसरा आणि चौथा मिळून २१७ सेंटीमीटर होतात, तूट निम्म्याहून कमी. इंग्लंडच्या बूझी कंपनीतल्या डेव्हिड ब्लेकली यांनी १८७४ मध्ये याहून नामी तोड काढली. त्यांच्या रचनेत हवा व्हॉल्व्हमधून दुसऱ्यांदा फिरते आणि उणा तुकडा आपोआप जोडला जातो. वजन वाढतं, पण ओठ अजून कच्चे असणाऱ्याला हा मोठा आधार.

दुकानातल्या छोट्या खोलीत वाजवून निर्णय घेऊ नये. बी-फ्लॅटचा ५८ हर्ट्झचा सूर घ्या. त्याची लहर सुमारे सहा मीटर लांब. तीन मीटर रुंदीच्या खोलीचा पहिला अनुनाद नेमका तिथेच, ५७ हर्ट्झच्या आसपास. साहजिकच तो एक सूर घुमतो, शेजारचे मलूल वाटतात, आणि गिऱ्हाईक खोलीलाच दाद देऊन ट्यूबा घरी आणतं. एखाद्या सभागृहात दुसऱ्याला वाजवायला सांगून मागच्या रांगेतून ऐकावं.

जुना ट्यूबा घेताना कर्ण्यावरच्या पोचांची फार चिंता नको. तिथे नळी इतकी रुंद असते की लहान पोचाने सुराला फरक पडत नाही. व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड, म्हणजे सरकती नळी, ओढून काढावी; ‘पॉक्’ असा आवाज आला तर पिस्टन घट्ट आहे. माऊथपीस बसतो ती पहिली नळी मात्र उजेडात धरून बघावी. श्वासातल्या ओलाव्याने पितळातलं जस्त निघून जातं आणि मागे तांब्याचे गुलाबी, ठिसूळ ठिपके उरतात. ते दिसले तर नवी नळी बसवण्याचा खर्च विचारून घ्यावा आणि तेवढी किंमत कमी करायला सांगावी.