इतर हक्कातली बाई

आजी गेल्यावर वारस नोंदीसाठी जुने उतारे काढले, तेव्हा तिचं नाव मला पहिल्यांदा छापील दिसलं. सातबाऱ्याच्या डावीकडे, जिथे कब्जेदारांची नावं असतात, तिथे आजोबा आणि त्यांचे दोन भाऊ. आजी उजवीकडे, 'इतर हक्क' या रकान्यात. तिच्या वर सोसायटीच्या कर्जाचा बोजा, खाली विहिरीच्या पाण्यातला हिस्सा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पाली पंचक्रोशीत, आमच्या वाडीत ज्या जमिनीत तिने पन्नास पावसाळे लावणी लावली, त्या जमिनीवर कागदाच्या हिशेबाने ती बोजा आणि विहीर यांच्या मधली एक नोंद होती.

त्या दिवसापासून गेल्या शंभर वर्षांतले कायदे आणि योजना मी एकाच प्रश्नाने वाचू लागलो: कागदावर नाव कुणाचं लागलं? कोकणात श्रीमंत-गरीब आणि बाई-पुरुष ही दोन अंतरं वेगवेगळी मोजताच येत नाहीत. गरिबी इथे घरातल्या बाईच्या अंगावर पडते आणि घरात आलेला पैसा ज्याचं नाव कागदावर आहे त्याच्याकडे जातो.

आधी खोत होता. गावचा सारा सरकारात भरणारा तो, आणि कष्ट करणारं कूळ त्याच्या मर्जीवर. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचं मूळ असलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. पुढच्या जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. मग कूळकायद्याखाली १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला: त्या दिवशी कसणारं कूळ मालक मानलं गेलं. आर्थिक विषमतेवर या जिल्ह्यात पडलेला सगळ्यात मोठा घाव तो हाच, त्याचं मोल मी कमी करणार नाही. आमच्या घरात आजही त्या दिवसाचं नाव आदराने निघतं. पण कसणारा म्हणून नोंद कुणाची झाली? घरकर्त्या पुरुषाची. आणि तो घरकर्ता त्या वेळी असायचा परळ-लालबागच्या खोलीत, गिरणीच्या साच्यावर. नांगरट तेवढी पैऱ्याने किंवा भाड्याच्या जोताने व्हायची. कवळ तोडून भाजावळ, तरवा काढणं, लावणी, बेणणी, कापणी, भारे डोक्यावरून खळ्यात आणणं, हे सगळं बाईचं. कसेल त्याची जमीन, हे तत्त्व शब्दशः पाळलं असतं तर रत्नागिरी जिल्ह्यातले निम्म्याहून जास्त सातबारे बायकांच्या नावाने झाले असते, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

हे नुसतं भावनेचं बोलणं नाही. जनगणनेच्या आकड्यांत ते दिसतं. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१३६ बायका होत्या, २०११ साली १,१२२. महाराष्ट्राचा आकडा नऊशेच्या घरात असताना इथे तो हजाराच्या वर. बाहेरगावचे लोक हे ऐकून कोकणाचं कौतुक करतात, मुलींना इथे मान आहे म्हणतात. त्यात थोडं तथ्य असेलही, पण हा आकडा मुख्यतः मुंबईला गेलेल्या पुरुषांचा आहे. बायका जास्त नाहीत, गडी कमी आहेत.

त्या गड्यांच्या मनीऑर्डरीवर जिल्हा चालला. मनीऑर्डर यायची ती सासऱ्याच्या नावाने. सासरा गेल्यावर सासूच्या. बायकोला पैसे नवरा शिमग्याला किंवा गणपतीला गावी आला की हातात मिळाले तर मिळाले. आजी सांगायची, पोस्टमनसमोर स्वतःचा अंगठा तिने उठवला तो थेट सासूच्या बाराव्यानंतर.

बायकाही गिरणीत जात होत्या, हे आपण विसरलोय. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांतली जवळपास एक बाई होती. १९२९ साली मुंबई प्रांतात प्रसूतिलाभाचा कायदा झाला. त्याच्या बाजूने विधिमंडळात बोलणाऱ्यांत बाबासाहेब होते. कायदा न्याय्य होता. मालकांनी मात्र त्याचा खर्च, रात्रपाळीची बंदी आणि नवी यंत्रं यांचा हिशेब करून बायकांची भरतीच आटवली. पुढच्या पन्नास वर्षांत गिरणीतली बाई जवळपास दिसेनाशी झाली. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि मनीऑर्डरी थांबल्या. आमच्या वाडीत त्या वर्षी बायकांनी काय केलं याची नोंद कुठल्याच संपाच्या इतिहासात मला सापडली नाही. माझ्या आईने केलं ते सांगतो. ती दुसऱ्यांच्या कलमांत रोजाने गेली, हंगाम संपल्यावर काजू फोडायला बसली आणि चिकाने सोललेल्या बोटांनी तिने आम्हा तिघांना शाळेत ठेवलं.

आता ज्या योजनेने आमच्या भागाचा चेहराच बदलला तिच्याकडे येतो. महाराष्ट्राची रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळातून उभी राहिली, वि. स. पागे यांच्या विचारातून, आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. देशाने २००५ साली तिच्यावरूनच आपला कायदा केला. या कामांवर मजुरी मापाने, म्हणजे जेवढं खोदाल तेवढी, बाई-गडी असा फरक नाही. खासगी शेतात तेव्हाही गड्याचा रोज वेगळा आणि बाईचा वेगळा होता. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, तरी आजही रोज वेगळाच आहे. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: गडी झाडावर चढतो, बाई खाली आंबा वेचते. खाली बसून आंबा निवडणं, डाग पडलेला बाजूला काढणं, पेंढा घालून पेटी भरणं, यावर त्या पेटीचा भाव ठरतो. तरी ते काम हलकं.

१९९० नंतर रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली गेली. खड्डे, कलमं, खत, राखण, सगळ्याला सरकारचे पैसे. कातळावर आणि वरकस जमिनीत, जिथे गवताशिवाय काही येत नव्हतं, तिथे हापूस आणि काजू उभे राहिले. पालीहून कुठल्याही बाजूला गेलात तरी डोंगरउतारावर ओळीने जी झाडं दिसतात, त्यातली कितीतरी त्या वर्षांतली. चांगल्या धोरणाचं उदाहरण विचाराल तर मी हेच देईन. पण ती झाडं पहिली दोन-तीन वर्षं जगवली कुणी? उन्हाळ्यात डोक्यावर हंडा घेऊन चढणीवर पाणी नेलं ते बायकांनी. अनुदान आलं सातबारा ज्याच्या नावाने त्याच्या खात्यात. ज्यांची जमीन सामायिक खात्यात अडकली होती आणि मुंबईचे भाऊबंद संमती देत नव्हते, त्यांना तेही मिळालं नाही. ज्यांना जमीनच नव्हती ते दुसऱ्यांच्या बागेत राखण करत राहिले. एका चांगल्या योजनेने घराघरांमधलं आणि घराच्या आतलं, अशी दोन्ही अंतरं थोडी रुंदच केली. योजना चुकीची नव्हती, तिचा पत्ता चुकीचा होता.

त्याच सुमाराला बाहेर वेगळं वारं होतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला महिलांचं मोठं अधिवेशन घेतलं आणि पुढे लक्ष्मीमुक्ती सुरू केली: शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा तुकडा खुशीने बायकोच्या नावे करावा. वऱ्हाड-खानदेशात गावंच्या गावं पुढे आली. कोकणात ते पोचलं नाही. इथे एकेका गटात वीस-वीस नावं, कुणाचा कुठला तुकडा हेच ठरलेलं नसतं, तो बायकोला देणार कुठून?

२२ जून १९९४ ही तारीख मात्र मी घरातल्या मुलींना सांगत आलोय. त्या दिवसापासून महाराष्ट्रात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगी जन्माने वाटेकरी झाली, देशाच्या अकरा वर्षं आधी. त्याच वर्षी राज्याचं पहिलं महिला धोरण आलं. कायद्याला एक मोठी भेग होती: त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली बाहेर राहिल्या. माझ्या तिन्ही आत्या बाहेर. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती भेग बुजवली, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की २००५ च्या त्या दिवशी बाप हयात असण्याची अट नाही. मुलीचा हक्क जन्माचा.

आणि मग हक्कसोड पत्र, म्हणजे बहिणीने आपला वाटा भावांना सोडल्याचा कागद. वारस नोंद होते तेव्हा मुलींची नावं लागतात, आणि पाठोपाठ भावांचा निरोप येतो. कुणी धमकावत नाही. माहेर तुटू नये एवढीच भीती पुरते. गौरी-गणपतीला बोलावणं येणार नाही, भाऊबीजेला कुणी येणार नाही, सासरी काही बिनसलं तर परतायला दार राहणार नाही. या भीतीची किंमत म्हणजे अर्धा एकर कलमं. कोकणातल्या बाईने ती किंमत पिढ्यान्‌पिढ्या मुकाट भरली आहे. मला वाटतं, वारस नोंद झाल्यापासून निदान एक वर्ष हक्कसोड नोंदवूच नये असा नियम हवा. साडी-चोळीच्या बदल्यात एका दुपारी जे होऊन जातं ते वर्षभर थांबलं, तर बऱ्याच जणी विचार करतील. नवऱ्याने बायकोच्या नावे जमीन करायची तर वाट सोपी आहे. २०१५ साली पत्नी आणि मुलांना शेतजमीन किंवा राहतं घर बक्षीसपत्राने देताना लागणारं मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये झालं. दोनशे रुपयांच्या या सवलतीबद्दल आमच्या वाडीत कुणाला ठाऊक नव्हतं.

जमिनीवर नाव लागायला इतका उशीर, पण इतर कागदांवर ते भराभर लागलं. १९९० साली राज्याने स्थानिक संस्थांत ३० टक्के जागा बायकांना दिल्या, घटनादुरुस्तीने त्या तेहतीस झाल्या, २०११ साली निम्म्या. सुरुवातीला सरपंचबाईच्या खुर्चीशेजारी तिचा नवरा बसायचा, हे खरं आहे. आता निदान पाण्याच्या टाकीचा विषय निघाला की ती स्वतः बोलते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली मोठी बाई कुटुंबप्रमुख झाली. गॅसची जोडणी तिच्या नावाने आली. महिला आर्थिक विकास महामंडळाच्या (माविम) आणि नंतर राज्याच्या उमेद अभियानाच्या बचतगटांनी तिला बँकेच्या पायऱ्या चढायला लावलं. गटाचं कर्ज बायका फेडतात हे बँकाही मान्य करतात. पण हप्ता भरणारीकडे तारण म्हणून द्यायला काही नसतं, म्हणून तिचा धंदा कोकम, पापड आणि काजूगराच्या पिशव्यांपुढे जात नाही.

२०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची रोजची २९९ मिनिटं त्यात जातात असं निघालं. पुरुषाची ९७. तो आकडा मी आईला सांगितला. ती म्हणाली, गुरांचं धरलंय का त्यात?

जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये थेट बाईच्या खात्यात येऊ लागले. यावर शहरात बसून बरंच काही बोललं जातं. माझं मत असं आहे की ज्या बाईने आयुष्यभर मीठ-मिरचीसाठी हात पसरला, तिच्या हातात स्वतःच्या नावाचा पैसा येणं ही मोठी गोष्ट आहे, निवडणुकीच्या तोंडावर दिला म्हणून तिचं मोल घटत नाही. मला सलते ती वेगळीच बाब. शेतकरी सन्मान निधीचे केंद्राचे आणि राज्याचे मिळून वर्षाला १२,००० ज्या बाईला मिळतात, तिला या योजनेतून महिना फक्त ५०० देतात. तो निधी मिळतो सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. म्हणजे इतक्या वर्षांनी जिचं नाव डाव्या रकान्यात आलं, तिचेच पैसे कापले. सरकारला दुहेरी लाभ टाळायचा असेल. पण जमिनीचा निधी ती कसते म्हणून आहे, आणि दीड हजार ती बाई आहे म्हणून. दोन्ही तिचेच.

महामार्गाच्या भूसंपादनानेही हाच धडा दिला. मुंबई-गोवा रस्ता पालीवरून लांज्याकडे जातो, इथूनच नाणिज-साखरप्याकडून कोल्हापूरची वाट फुटते, आणि दोन्हींचं रुंदीकरण निघालं. मोबदला कब्जेदारांना. ज्या घरांत आत्या-बहिणींनी आधीच हक्कसोड दिलं होतं, त्या घरांच्या लेकींनी आपल्या माहेरची जमीन रस्त्यात जाताना पाहिली, बस.

गेल्या महिन्यात आमच्या वारस नोंदीची नोटीस निघाली. धाकट्या आत्याला भावांनी सह्यांसाठी बोलावलं होतं. ती लांज्याहून एसटीने आली. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणून हल्ली एकटी येते. पालीच्या थांब्यावर मी न्यायला गेलो. चहा पिताना तिने विचारलं, सही नाही केली तर कायदा काय म्हणतो. मी सांगितलं. तिने कप खाली ठेवला, पिशवीतून चष्मा काढला आणि नोटीस मागून घेतली. अकरा नावं आहेत तिच्यावर, सात बायकांची. तिने एकेका नावावर बोट ठेवत ती सगळी वाचली आणि आपल्या नावातली वेलांटी चुकलीय, ती आधी दुरुस्त करून घे, म्हणाली.