पिरोजा: दगड खोरासानचा, शब्द आपल्या घरातला

वाशिम जिल्ह्याची जमीन दख्खनच्या काळ्या बेसाल्टवर बसलेली आहे. निळसर-हिरव्या पिरोजाची खाण इथे नाही, तरी पिरोजा हा शब्द मराठीत पक्का रुजला आहे. म्हणजे हा दगड आणि त्याचे नाव दोन्ही बाहेरून आले, असे माझे म्हणणे आहे. इराणच्या खोरासानातील निशापूरच्या खाणी शतकानुशतके प्रसिद्ध आहेत आणि फारसीत 'पिरोज' म्हणजे विजयी. अरबीत 'प' हा ध्वनी नसल्याने तिथे त्याचा 'फिरोज' झाला. म्हणून आपल्याकडे पिरोजा आणि फिरोजा दोन्ही ऐकू येतात, आणि दोन्ही बरोबर आहेत.

यावर कुणी म्हणेल की संस्कृत 'राजनिघंटू'त 'पेरोज' आहे, मग शब्द आपलाच. पण ग्रंथात नोंद झाली म्हणून उगम तिथला ठरत नाही. त्या रूपातला 'पे' जुन्या फारसी उच्चाराशी नेमका जुळतो. शिवाय पारंपरिक नवरत्नांत पिरोजा नाही, हेही बोलके आहे. दुसरा आक्षेप असा की पुण्याजवळच्या वाघोलीत निळे कॅव्हन्साइट मिळते, मग दगडही आपलाच. ते निळे खनिज देखणे खरेच, पण त्याचा रंग व्हॅनेडियमचा. पिरोजा हे तांबे आणि ॲल्युमिनियमचे फॉस्फेट. तांब्याने तो निळा होतो, लोहाने हिरवट. बाजारात मात्र रंगवलेला हाउलाइटही पिरोजा म्हणून विकला जातो. तेव्हा अंगठीसाठी खडा घेताना प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र जरूर मागा.