पाळक, पाद्री आणि पाटीवरचं नाव

दोन वर्षांपूर्वी पडेगावातल्या एका घरातून लग्नपत्रिकेचा नमुना माझ्याकडे तपासायला आला. मंडळीतली शुद्धलेखनाची कामं वर्षानुवर्षं माझ्याकडे येतात. नवरा-नवरीची नावं, तिथी, उपासनेची वेळ, सगळं ठीक होतं. तळाशी लग्न लावणाऱ्यांचं नाव होतं आणि त्याआधी ओळीनं चार बिरुदं : अपोस्टल, बिशप, रेव्हरंड, डॉक्टर. मी मुलीच्या वडिलांना विचारलं, यांना दीक्षा कोणत्या मंडळीनं दिली? त्यांना ते ठाऊक नव्हतं. एवढी मोठी पदं आहेत म्हणजे कुणीतरी दिलीच असतील, असं ते म्हणाले. लग्न थाटात झालं. पुढं मुलीला पासपोर्टसाठी विवाहाचा दाखला हवा झाला, तेव्हा कळलं की त्या गृहस्थांकडे लग्न लावण्याचा परवानाच नव्हता. लेकरू पोटात असताना त्या मुलीला पुन्हा लग्नाची नोंदणी करावी लागली. तिच्या आईचे डोळे मी त्या दिवशी पाहिले आहेत, म्हणून या विषयावर पुन्हा एकदा लिहितो आहे.

१८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात लग्न कोणी लावायचं हे पाचव्या कलमात स्पष्ट आहे. बिशपच्या हातून दीक्षा झालेला धर्मसेवक, स्कॉटलंडच्या चर्चचा धर्मसेवक, सरकारचा परवाना असलेला धर्मसेवक, विवाह निबंधक, आणि देशी ख्रिस्त्यांच्या विवाहाचे दाखले देण्याचा परवाना असलेली व्यक्ती. अधिकार नसताना लग्न लावणाऱ्याला अडुसष्टाव्या कलमात तुरुंगवास सांगितला आहे. ‘पदवी म्हणजे आदरानं लावलेलं विशेषण, त्यात एवढं काय’ असं मला दरवर्षी कुणी ना कुणी ऐकवतं. त्यांनी हे कलम एकदा वाचावं.

आदराच्या विशेषणाचा मुद्दा मात्र अगदीच खोटा नाही. ‘रेव्हरंड’ या लॅटिनातून आलेल्या शब्दाचा अर्थ ‘आदरणीय’ एवढाच. इंग्लंडात लिंकनशायरमध्ये एका मेथडिस्ट धर्मसेवकाला आपल्या मुलीच्या थडग्यावर स्वतःच्या नावाआधी ‘रेव्हरंड’ कोरायचं होतं. गावच्या अँग्लिकन व्हिकरनं नकार दिला. तंटा प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८७६ मध्ये निकाल लागला की हा शब्द कुणा एका चर्चच्या मालकीची पदवी नाही, ते सन्मानाचं विशेषण आहे. निकाल मला मान्य आहे. पण ते विशेषण त्या बापाला त्याच्या मंडळीनं दिलं होतं. त्यानं ते स्वतःहून घेतलं नव्हतं.

नव्या करारातली पदं वाचकांना पाठ आहेत, त्यांची उजळणी करत बसत नाही. एकच गोष्ट सांगतो, कारण ती नेहमी नजरेआड होते. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात पौल इफिसच्या मंडळीच्या वडिलांना बोलावतो आणि थोड्याच वेळात त्याच माणसांना देखरेख करणारे म्हणतो. ज्या ग्रीक शब्दातून पुढं ‘बिशप’ निघाला, तोच तो शब्द. ‘डीकन’चं मूळ तर वाढप्याच्या कामात आहे. म्हणजे ही सगळी कामांची नावं होती. आपल्या मराठी बायबलनं ‘वडील’, ‘सेवक’, ‘पाळक’ हे शब्द वापरले, ते किती अचूक आहेत पाहा. ‘पाळणे’ या एका धातूत गुरं पाळणं आहे, लेकरं पाळणं आहे आणि शब्द पाळणंही आहे. असा शब्द हाताशी असताना आपण गेल्या तीस वर्षांत ‘पास्टर’ आणि हल्ली तर ‘पास्टरजी’ म्हणायला लागलो. ‘पाळकसाहेब’मध्येही ‘साहेब’ आहे, हे मला कबूल आहे. पण त्यातला पाळक तरी शाबूत होता.

पोर्तुगीजांनी ‘पाद्री’ आणला, त्याचा अर्थ बाप. कॅथलिकांचा ‘फादर’ त्याचाच इंग्रजी भाऊ. त्यांच्याकडे पदांची उतरंड रोमहून ठरते, त्यामुळं आमच्यासारखा गोंधळ तिथं कमी. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ मध्ये धर्मप्रांतातल्या फादरांसाठी ‘मॉन्सिन्योर’ हा किताब वयाच्या पासष्ट वर्षांपुढं नेऊन ठेवला, हे त्यांच्या साधेपणाला शोभलं. आणि एखाद्या बिरुदाला लोक मायेनं कसं आपलंसं करतात, ते आपण धाराशिवला पाहिलं. जानेवारी २०२० मध्ये त्र्याण्णवाव्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फ्रान्सिस दिब्रिटो होते. धर्मगुरू अध्यक्ष कसा, म्हणून बाहेर विरोध चालू होता. पण मराठी वाचकाच्या तोंडी ते आधीच नुसते ‘फादर’ होते. ‘सुवार्ता’चं संपादन, वसईच्या हिरवाईसाठीचा लढा आणि ‘सुबोध बायबल’ यांनी त्यांना ते नाव दुसऱ्यांदा मिळवून दिलं होतं.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या गोष्टीकडे येतो. मराठवाड्यातली ख्रिस्ती मंडळी रेव्हरंडांनी उभी केली, असं आपले शताब्दी-ग्रंथ सांगतात. ते अर्धंच खरं आहे. पडेगावहून साठेक किलोमीटरवरच्या जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल हे गाव वसवलं. जन्मानं ब्राह्मण, १८४३ मध्ये बाप्तिस्मा, १८५४ मध्ये फ्री चर्चची दीक्षा. मांग आणि महार कुटुंबांना सोबत घेऊन त्यांनी निजामाच्या राज्यात जमीन मिळवली, विहिरी, शाळा, देऊळ उभं केलं. इथं औरंगाबादेत चर्च मिशनरी सोसायटीचे रतनजी नौरोजी, पारशी घराण्यातले, वर्षानुवर्षं राबले. या दोघांच्या नावाआधी ‘रेव्हरंड’ आहे आणि ते त्यांना शोभतं. पण एक दीक्षित माणूस बैलगाडीनं आणि घोड्यावर किती गावं करणार? महिन्यातून एकदा, पावसाळ्यात तेही नाही. बाकीचे दिवस मंडळी कोणी सांभाळली? मास्तरांनी.

माझे वडील गंगापूर तालुक्यात मिशनचे मास्तर होते. सकाळी शाळा, दुपारी गावातल्या कुणाचा अर्ज लिही, कुणाला दवाखान्यात ने, संध्याकाळी कंदिलाखाली भजन आणि प्रार्थना. मयत झाली की खड्डा खणायला पहिली कुदळ त्यांची. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन सोडून पाळकाचं सगळं काम ते करत. हे दोन विधी करायला दीक्षित पाळक यायचे, तेव्हा वडील दाराशी उभे राहून लोकांना आत पाठवायचे. त्यांना कधी कुणी रेव्हरंड म्हटलं नाही. हुद्दा विचारला तर ते सांगायचे, ‘मास्तर’. गाव मात्र त्यांच्या शब्दावर चालायचं. बायबलबाईंचीही तीच गोष्ट. अक्षरओळख झालेली विधवा, खांद्याला पिशवी, पिशवीत शुभवर्तमानाच्या पुस्तिका. ती ज्या घरात शिरायची तिथं पाळकालाही प्रवेश नव्हता. आमच्या लहानपणी अशा एका बाई दर गुरुवारी यायच्या. माझ्या आईला वाचायला त्यांनी शिकवलं. त्यांना आम्ही ‘बाई’ म्हणत होतो, आणि त्या शब्दात जो मान होता तो आज चार बिरुदांत मिळून नाही.

अहमदनगरची परंपरा याच मातीतली. अमेरिकन मराठी मिशननं १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना दीक्षा दिली. तिथली मंडळी बिशप मानत नव्हती. आपला पाळक आपण बोलवायचा, त्याचा पगार आपण भागवायचा, चुकला तर आपणच त्याला सांगायचं. मंडळीची पंचायत हे तिथलं खरं पद. त्या वातावरणातून नारायण वामन टिळक आले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, १९०४ मध्ये दीक्षा. आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून संन्यास, देवाचा दरबार. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसवण्याचं त्यांचं स्वप्न होतं. टिळकांनी पदाला लाथ मारली, असं काही मंडळी व्यासपीठावरून सांगतात. मला ते पटत नाही. टिळकांनी दीक्षा टाकली नाही, पगार टाकला. मिशनच्या चाकरीशी जोडलेलं पद त्यांना नको होतं, ख्रिस्तानं सोपवलेलं काम हवं होतं. हा फरक ज्यांना कळत नाही, ते एकतर टिळकांच्या नावानं सगळी दीक्षाच निकालात काढतात, नाहीतर कुणालाही दीक्षित म्हणतात. साधू सुंदरसिंगांनीही लाहोरच्या ईश्वरविद्या महाविद्यालयातून बाहेर पडून उपदेशकाचा परवाना परत केला. ‘साधू’ हे नाव लोकांनी त्यांच्या अंगावरच्या भगव्या वस्त्राला आणि अनवाणी पायांना पाहून दिलं. टिळक गेले ९ मे १९१९ ला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तर कुठलंच धर्मपद नव्हतं. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या त्या बाईंनी मराठी ख्रिस्ती माणसाला जेवढं घराघरांत पोचवलं, तेवढं एकाही दीक्षिताला साधलं नाही.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी झाली. दीक्षितांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून आपापल्या दीक्षा एक केल्या. त्या दिवसाबद्दल मला आजही आदर आहे. पण त्याबरोबर अहमदनगरच्या पंचायतवाल्यांनाही बिशप मिळाले. बिशपपद वाईट नाही. निजामाच्या राज्यातच दोर्णकलला वेदनायगम अझरैया १९१२ मध्ये पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले आणि त्यांनी ते पद खेड्यापाड्यांत चालत नेलं. त्याआधी दोन वर्षं एडिनबरोच्या परिषदेत याच अझरैयांनी मिशनऱ्यांकडे मैत्री मागितली होती. आमच्याकडे मात्र पद आलं आणि निवडणुका आल्या, निवडणुकांमागून कोर्टकज्जे आले. त्या काळावर मी इतरत्र लिहिलं आहे, इथं पुढं जातो.

आणि आता आज. अमेरिकेत १९९० च्या दशकात प्रेषित आणि संदेष्टे ही पदं पुन्हा सुरू झाली असं सांगणारी एक चळवळ नावारूपाला आली. तिचं वारं आपल्या वस्त्यांत पोचायला वेळ लागला नाही. छावणीतून मिटमिट्याकडे जाताना नाताळच्या आधी रस्त्याकडेला फलक बघा. दहा बाय दहाच्या खोलीत वीस माणसांची संगती, आणि फलकावर अपोस्टल. कुठं ‘प्रॉफेट’, कुठं ‘डॅडी’. वीस माणसांची संगती चालवणं हे मोठं, कष्टाचं काम आहे. रात्री-अपरात्री दारूड्याच्या घरी जाऊन भांडण सोडवणारे, आजाऱ्याच्या उशाशी बसणारे हेच तरुण असतात, मी त्यांना पाहिलं आहे. त्यांना मी मनापासून पाळक म्हणतो. मग ते स्वतःला पाळक का म्हणवून घेत नाहीत? एका मुलानं मला सरळ सांगितलं, ‘काका, शेजारचा बिशप झाला, मी नुसता ब्रदर राहिलो तर लोक तिकडं जातात.’ हे उत्तर मला रात्रभर छळत राहिलं. दोष एकट्या त्याचा नाही. मोठं बिरुद पाहून बाकावरून उठून जाणारे आपण आहोत.

डॉक्टरकीचं तर विचारूच नका. सेरामपूर महाविद्यालयाला डेन्मार्कच्या राजानं १८२७ मध्ये पदवी देण्याची सनद दिली. सेरामपूरची सिनेट आजही ईश्वरविद्येच्या पदव्या देते आणि त्यासाठी अभ्यास करावा लागतो. नारायण शेषाद्रींच्या नावापुढची डी. डी. त्यांच्या कामावरून मिळाली होती. आता एका दिवसाच्या समारंभात, काही हजार रुपये भरून, झगा आणि टोपी घालून डॉक्टर होता येतं. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यातल्या बाविसाव्या कलमाप्रमाणे पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि संसदेनं खास तो अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. मोडल्यास दंड एक हजार रुपयांपर्यंत, एवढाच. सत्तर वर्षांपूर्वीचा दंड आज कुणाला भिववणार?

‘तुम्ही जुन्या मिशनचे, तुम्हाला नव्या मंडळ्यांची पोटदुखी’ असं मला म्हणतात. तसं असतं तर मी आमच्याच जुन्या मंडळीतल्या लोकांशी भांडलो नसतो. आमच्याकडेही पाळकाच्या बदलीसाठी खटपटी होतात, निवृत्त झालेले पाळक गावच्या घरावर मंडळीचं पद लावून राहतात, आणि मंडळीच्या वडिलाचं पद जमिनीच्या कागदांवर सही करण्यापुरतं उरतं. माझी मागणी जुन्या-नव्या सगळ्यांना सारखीच आहे. पाटीवर पद लिहायचं तर त्याखाली लिहा : दीक्षा कोणत्या मंडळीनं दिली, कोणत्या वर्षी, आणि लग्न लावण्याचा परवाना आहे की नाही. दुकानदार आपल्या परवान्याचा क्रमांक भिंतीवर लावतो. आत्म्यांचं काम करणाऱ्यानं त्याहून कमी प्रामाणिक का असावं?

आणि वाचकांकडे एक काम. अँग्लिकन वळणाच्या जुन्या बाप्तिस्मा-नोंदवहीत ‘विधी कोणी केला’ असा रकाना असतो. त्यात दीक्षित पाळकाचं नाव असतं. त्या कुटुंबाला वाचायला-प्रार्थना करायला कोणी शिकवलं, याला रकाना नाही. माझ्या वडिलांनी तयार केलेल्या माणसांच्या नोंदी मी पाहिल्या आहेत, त्यांत वडिलांचं नाव एकदाही नाही. म्हणून मी एक वही केली आहे. गाव, मास्तराचं किंवा बायबलबाईचं नाव, साधारण कोणती वर्षं, कोणी सांगितलं. आतापर्यंत एकशे बारा नावं झाली. गंगापूर, वैजापूर, पैठण, भोकरदन, अंबड इकडच्या वाचकांनी आपापल्या आजीला या सुट्टीत विचारावं. ऐंशीच्या पुढच्या बायकांना ही नावं अजून आठवतात.