गॉडझिलाचे सहा प्लग

निस्सानची स्कायलाइन जीटी-आर हाती आली आणि तिची ताकद वाढवायची ठरली, की मालक आधी टर्बोंकडे वळतो. मग इंटरकूलर, इंजेक्टर, इंधनपंप, एक्झॉस्ट आणि या सगळ्यांना हुकूम सोडणारा ईसीयू. या खर्चापुढे सहा स्पार्क प्लग इतके स्वस्त असतात की त्यांच्यावर कुणी विचार खर्च करत नाही. दुकानात जाऊन सर्वांत महाग इरिडियम प्लग मागितले की झालं, अशी समजूत असते. मला ती घातक वाटते. प्लग कुठल्या धातूचा, हा प्रश्न शेवटचा आहे. त्याआधी दोन आकडे ठरवावे लागतात: हीट रेंज आणि गॅप. ते चुकले तर इरिडियमही पिस्टन वाचवू शकत नाही.

ही गाडी मुळात शर्यतीच्या नियमातून जन्माला आली. ग्रुप ए शर्यतींमध्ये टर्बो इंजिनाची क्षमता १.७ ने गुणून गाडीचा वर्ग ठरत असे. निस्सानने १९८९ साली आर३२ मालिकेच्या जीटी-आरमध्ये बसवलेलं आरबी२६डीईटीटी इंजिन २५६८ सीसीचं होतं. गुणाकार केला की ४३६६ येतात, म्हणजे गाडी ४५०० सीसीच्या वर्गात बसते. २.६ लिटर हा विचित्र आकार तिथून आला. १९९० ते १९९३ या चार हंगामांत जपानच्या टूरिंग कार स्पर्धेतल्या सर्व २९ शर्यती या गाडीने जिंकल्या. ऑस्ट्रेलियात बाथर्स्टची मोठी शर्यत तिने १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोनदा मारली. ‘गॉडझिला’ हे नावही तिला ऑस्ट्रेलियातल्याच ‘व्हील्स’ मासिकाने दिलेलं.

रस्त्यावरच्या गाडीची ताकद कागदावर २८० अश्वशक्ती होती, कारण त्याहून मोठा आकडा जाहीर करायचा नाही असा संकेत जपानी कंपन्या तेव्हा पाळत. ओतीव लोखंडाचा ब्लॉक मात्र शर्यतीचा भार गृहीत धरून केलेला होता. त्यामुळे या इंजिनाची ताकद वाढवायला घेतली की ती वाढत जाते. अडसर येतो तो मूळ टर्बोंचा. त्यांची टर्बाइनची चाकं सिरॅमिकची असतात आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, फार चढवला की तुटतात. म्हणून जाणकार आधी धातूच्या चाकांचे टर्बो घालतात, मग बूस्ट वाढवतात. प्लगचा प्रश्न इथून सुरू होतो.

कारखान्यातून या इंजिनात येणारा प्लग एनजीकेचा: पीएफआर६ए-११. एनजीके हा नागोयातल्या, १९३६ सालच्या कंपनीचा ब्रँड. तिच्या सांकेतिक नावांत सगळा तपशील भरलेला असतो. पी म्हणजे प्लॅटिनम, आर म्हणजे रेडिओत आणि ईसीयूत खरखर जाऊ नये म्हणून आत बसवलेला रेझिस्टर, सहा ही हीट रेंज आणि शेवटचे अकरा म्हणजे १.१ मिलिमीटरचा गॅप. मूळ गाडीसाठी ही निवड अचूक होती. बूस्ट वाढवल्यावर यातले दोन्ही आकडे जुने होतात.

हीट रेंजबद्दल एक गैरसमज सगळीकडे दिसतो. ‘गरम प्लग’ म्हणजे जास्त गरम ठिणगी टाकणारा, असं लोकांना वाटतं. ठिणगीचा इथे काहीच संबंध नाही. प्लग स्वतःची उष्णता किती चटकन बाहेर काढतो, एवढंच त्या आकड्यात असतं. मधल्या इलेक्ट्रोडभोवती ॲल्युमिनाचं पांढरं सिरॅमिक असतं. त्याचं आतलं टोक लांब असेल तर उष्णतेला कवचापर्यंत, तिथून आट्यांतून हेडमध्ये आणि पुढे पाण्यात जायला लांबचा रस्ता पडतो. टोक तापलेलं राहतं, तो गरम प्लग. टोक आखूड असेल तर उष्णता लगेच निघून जाते, तो थंड. हे टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं तर त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. ८५० अंशांच्या आसपास ते इतकं लाल होतं की ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटवतं. निवड करायची ती या दोन तापमानांच्या मध्ये राहण्यासाठी.

बूस्ट वाढला की प्रत्येक स्फोटात जास्त हवा, जास्त इंधन आणि म्हणून जास्त उष्णता येते. एनजीकेचा स्वतःचा ढोबळ सल्ला असा, की दर ७५ ते १०० अश्वशक्ती वाढीमागे एक पायरी थंड प्लग घ्यावा. एका पायरीने टोकाचं तापमान ७० ते १०० अंशांनी उतरतं. मी हा सल्ला जपूनच वापरायला सांगेन, कारण शंभर अश्वशक्ती चार सिलिंडरांत वाटली आणि सहांत वाटली यात बराच फरक आहे. सहा सिलिंडरांच्या आरबी२६ला चारशे अश्वशक्तीपर्यंत सात नंबर पुरतो. पाचशेच्या पुढे किंवा ट्रॅकवर सलग फेऱ्या मारायच्या असतील तर आठ. रोज बाजारातून, सिग्नलांवर थांबत चालणाऱ्या गाडीत मात्र आठ नंबर घालू नये. टोक तापतच नाही, काजळी साठते, सकाळी इंजिन धड सुरू होत नाही आणि मालक दोष इंजेक्टरला देत बसतो.

आकड्यांची दिशा नीट पाहावी. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा तेवढा प्लग थंड. बॉशमध्ये नेमकं उलट. डेन्सोचं मापही वेगळं: एनजीकेचा सात म्हणजे डेन्सोचा बावीस. कंपनी बदलताना कोष्टक न पाहता आकडा धरला तर थंड समजून गरम प्लग बसतो, आणि बूस्टवर त्याचा हिशेब पिस्टनला चुकता करावा लागतो.

आता गॅप, म्हणजे प्लगच्या दोन इलेक्ट्रोडमधलं अंतर. फ्रीडरिश पाशेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने १८८९ साली, म्हणजे आर३२ जीटी-आर येण्याआधी बरोबर शंभर वर्षं, दाखवून दिलं की वायूतून ठिणगी उडवायला लागणारं व्होल्टेज हे वायूचा दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतं. टर्बोने सिलिंडरमधला दाब वाढवला की तेवढंच अंतर ओलांडायला, ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावं लागतं. कॉइलची ताकद तर तीच. तिला वेळही कमी मिळतो: इंजिन मिनिटाला ७२०० फेरे घेत असताना एका प्लगला सेकंदाला ६० ठिणग्या टाकाव्या लागतात. मग ठिणगी उडतच नाही, किंवा वीज सिरॅमिकच्या बाहेरून वाट शोधते. गाडी हळू चालवताना सगळं ठीक असतं, पण वरच्या गिअरमध्ये पूर्ण बूस्टवर ती मिसिंग करते, धक्के देते. म्हणून अंतर कमी करायचं: १.१ वरून ०.८ मिलिमीटर, फारच बूस्ट असेल तर ०.७. त्याहून कमी केलं तर ज्योतीचा गाभा लहान पडतो आणि इंजिन आयडलला थरथरतं. आर३२च्या कॉइल आता तीस वर्षांहून जुन्या आहेत. गॅप कमी करून मिसिंग थांबली तरी दुखणं कॉइलचं असू शकतं. दोन कॅम कव्हरांच्या मधलं झाकण काढून त्या सहाही तपासून घ्याव्यात.

थंड प्लगकडून एक चुकीची अपेक्षा केली जाते. त्याने नॉकिंग बरं होत नाही. नॉकिंगमध्ये ठिणगी वेळेवर पडते, पण कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण दाबाने आपोआप फुटतं. त्यावर उपाय म्हणजे चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोल, मागे घेतलेलं टायमिंग, गार हवा, कमी बूस्ट. थंड प्लग थांबवतो तो दुसरा आजार, ठिणगीआधीच पेटण्याचा. पिस्टनला भोक पाडतो तो हाच. ट्यूनिंग चुकलेलं असताना प्लग बदलून काम भागवणं म्हणजे ताप न उतरवता थर्मामीटर बदलणं.

मग धातू. निकेल १४५५ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १७६८ ला, इरिडियम जवळपास २४५० ला. म्हणून इरिडियमचं टोक ०.४ किंवा ०.६ मिलिमीटरइतकं बारीक ठेवता येतं, आणि बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते. हा फायदा खरा आहे, आयुष्यही जास्त आहे. पण ट्यूनिंग चालू असताना मिश्रण कधी दाट, कधी पातळ असतं, प्लग काजळतात, पुन्हा पुन्हा काढावे लागतात. त्या काळात बीसीपीआर७ईएस हा साधा निकेल टोकाचा प्लग उत्तम. लोक त्याला ‘कॉपर’ म्हणतात, पण तांबं आतल्या गाभ्यात असतं, टोक निकेलचंच. खरेदी करताना नावामागचं शेपूटही वाचा. ‘-११’ असेल तर तो १.१ मिलिमीटरलाच येतो.

आपल्याकडे दुचाकीच्या गॅरेजात प्लग पॉलिश पेपरने घासून, ठोकून, नजरेने गॅप लावायची पद्धत आहे. इरिडियमवर हे करू नका, ते टोक सुईसारखं मोडतं. तारेच्या गेजने मोजा आणि वाकवायचीच झाली तर फक्त बाहेरची पट्टी वाकवा. प्लग हातातून पडला असेल तर वापरू नका, सिरॅमिकला पडलेली चीर डोळ्यांना दिसत नाही. हेड ॲल्युमिनियमचं आहे, तेव्हा इंजिन गार असताना आधी हातानेच आटे धरवा आणि टॉर्क पान्याने २५ ते ३० न्यूटन मीटरवर थांबा. आटे गेले तर हेड उतरवण्याची वेळ येऊ शकते.

यानंतर पूर्ण बूस्टवर एक जोरदार धाव घ्या, इंजिन लगेच बंद करा आणि गार झालं की सहाही प्लग काढून ओळीने मांडा. फिकट तपकिरी टोक असेल तर निवड बरोबर. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रण दाट किंवा प्लग फार थंड. पांढरंफटक, फोड आलेलं टोक म्हणजे उष्णता हाताबाहेर चालली आहे. सिरॅमिकवर चमकणारे बारीक चंदेरी कण दिसले तर तो पिस्टनचा ॲल्युमिनियम आहे, गाडी तिथल्या तिथे उभी करा. सहापैकी एकच वेगळा दिसत असेल तर प्लगला नव्हे, त्या सिलिंडरच्या इंजेक्टरला आणि कॉइलला विचारा.

धातूच्या चाकांचे टर्बो घालून चारशे अश्वशक्तीपर्यंत नेलेल्या, रस्त्यावर चालणाऱ्या आरबी२६साठी माझी शिफारस स्पष्ट आहे: सात नंबर, ०.८ मिलिमीटर, निकेल. ट्यूनिंग पक्कं झालं आणि सहाही प्लग एकाच रंगाचे निघाले, की त्याच आकड्यांचा इरिडियम खुशाल घ्या.