जुना लॅपटॉप हँग का होतो?

पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजतो, कोणतेही बटण दाबले तरी उत्तर येत नाही आणि आतला पंखा मात्र घोंघावत राहतो. विद्यार्थिमित्रांनो, हा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांनी घेतला असेल. नाशिकला आमच्या घरी २०१५ साली घेतलेला एक लॅपटॉप आहे. दहा वर्षांनी तो दिवसातून तीन-चारदा असा हँग होऊ लागला. दुकानात नेला, तर तो न उघडताच सल्ला मिळाला, "दहा वर्षं झाली, आता नवीनच घ्या." घरात दहावीची मुलगी. तिचे प्रकल्प आणि घरातले सगळे जुने फोटो त्या एकाच यंत्रात. नव्यासाठी पैसे काढायचे, तर दुसरा कोणता तरी खर्च पुढे ढकलावा लागणार. तेव्हा आधी सल्ला तपासून पाहायचे ठरवले.

पहिला प्रश्न असा, की लॅपटॉप म्हातारा होतो म्हणजे नेमके काय होते? विळ्याची धार जाते, सायकलची साखळी झिजते. प्रोसेसरचे तसे नाही. त्याचा ताल क्वार्ट्झच्या स्फटिकाच्या कंपनांवर ठरतो आणि तो दहा वर्षांनीही जवळजवळ तोच असतो. झिजतात ते हलणारे आणि तापणारे भाग : पंखा, बॅटरी, हार्ड डिस्कची यंत्रणा. शिवाय दरवर्षी नव्या प्रोग्रॅमांची जागेची भूक वाढत जाते. यंत्र तेवढेच राहते आणि ओझे वाढते.

आता हार्ड डिस्क पाहू. आमच्या लॅपटॉपमधली तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद लागतात. ते टोक योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी सुमारे १२. एकूण साडेसतरा धरा. म्हणजे विखुरलेली माहिती असेल, तर सेकंदाला साठ ठिकाणेही वाचून होत नाहीत!

रॅममधली माहिती मात्र सुमारे १०० नॅनोसेकंदांत मिळते. हे आकडे डोळ्यांसमोर येत नाहीत, म्हणून ते फुगवून पाहू. टेबलावरचे पुस्तक उचलण्यास एक सेकंद लागतो, ती झाली रॅम. मग त्याच प्रमाणात हार्ड डिस्कवरचे पुस्तक आणण्यास दोन दिवस लागतील. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जा, मुक्काम करा, परत या, तसेच म्हणा ना! फिरती तबकडी नसलेल्या एसएसडीला यासाठी साधारण सतरा मिनिटे पुरतात. तेवढ्यात आपण जवळच्या वाचनालयातून पुस्तक आणू. आमच्या लॅपटॉपची रॅम ४ जीबी. ब्राउझरची आठ-दहा पाने उघडली की टेबल भरते, मग संगणक उरलेली माहिती डिस्कवर नेऊन ठेवतो आणि पुन्हा मागवतो. या मुंबईच्या खेपांनाच आपण 'हँग झाला' म्हणतो.

दुसरा संशयित म्हणजे उष्णता. प्रोसेसर आणि त्याची उष्णता वाहून नेणारा धातू यांमध्ये एक लेप असतो. तो वाळून भेगाळला की त्या जागी हवा शिरते आणि हवा उष्णतेची फार वाईट वाहक. वर धुळीने पंख्याची वाट बुजलेली. खोली २५ ऐवजी ४० अंश सेल्सिअस असेल, तर आतले तापमानही सुमारे तेवढ्याच अंशांनी चढते. शंभर अंशांच्या आसपास पुष्कळ प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतात, अगदीच झाले तर बंद पडतात.

दोघांपैकी चोर कोण, हे ओळखता येते. सुरू केल्यावर पहिल्या पाच मिनिटांत अडत असेल, तर बहुधा डिस्क. अर्धा तास चित्रफीत पाहिल्यावर अडत असेल आणि तळ चटका देत असेल, तर उष्णता. टास्क मॅनेजर आधीच उघडून ठेवा. आमच्याकडे लॅपटॉप अडला की डिस्क १०० टक्के दिसे आणि प्रोसेसर जेमतेम दहा. म्हणजे बिचारा हात बांधून बसलेला!

मग एक प्रयोग केला. पण त्याआधी सगळे फोटो दुसरीकडे उतरवून घेतले, कारण मरणपंथाला लागलेली डिस्क पूर्वसूचना देईलच असे नाही. नंतर पेनड्राइव्हवर लिनक्स घेऊन, हार्ड डिस्कला हात न लावता लॅपटॉप चालवला. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच घटक बदलतो, तसेच हे. दोन तासांत एकदाही अडला नाही. म्हणजे मदरबोर्ड शाबूत होता आणि संशय डिस्कवर पक्का झाला.

राहिला पैशाचा हिशोब. यंत्राच्या किमतीपेक्षा दर वर्षाचा खर्च मोजावा, असे मला वाटते. समजा, एसएसडी, जादा रॅम आणि नवा लेप यांना ५,००० रुपये लागले आणि लॅपटॉप दोन वर्षे चालला, तर वर्षाला २,५०० पडतात. नवा ४२,००० चा लॅपटॉप सहा वर्षे चालला, तर वर्षाला ७,०००. पण मदरबोर्डच गेला असता, दुरुस्तीला ९,००० लागले असते आणि भरवसा एका वर्षाचाच असता, तर भागाकार उलटला असता. बॅटरी फुगलेली दिसली, तर मात्र हिशोबही करत बसू नये. लॅपटॉप तिथेच बंद करावा.

यंत्र धडधाकट असूनही निवृत्त करावे लागण्याचे आणखी एक कारण असते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मदत थांबवली आणि विंडोज ११ आमच्या २०१५ च्या प्रोसेसरला अधिकृतपणे स्वीकारत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणाऱ्या संगणकावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे. आम्ही लिनक्सच ठेवले. सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' ही त्याची भारतीय आवृत्तीही आहे. मुलीला चार दिवस सवय नव्हती, म्हणून ती कुरकुरली. पाचव्या दिवशी तिचा प्रकल्प त्यावरच पुरा झाला.

आता पडद्याची डावी बिजागरी सैल होत चालली आहे. ती मोडली की तोच भागाकार नव्या आकड्यांनी मांडायचा आहे.