वाटप मेसॉसचं

एका मोठ्या सर्च कंपनीने एकदा नियम केला: संगणक पुरेपूर वापरतील त्यांनाच स्वतंत्र मशिनं. इंजिनिअरांनी काय करावं? कोडमध्ये जागोजागी कधीच न संपणारे लूप पेरले. वापराचे आकडे चढले, काम होतं तेवढंच राहिलं. याहूमध्ये हडूप या डेटा-प्रक्रियेच्या सॉफ्टवेअरचा क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या मशिनांचा ताफा होता; त्यावर मॅप आणि रिड्यूस या टप्प्यांच्या जागा वेगवेगळ्या राखलेल्या असत. मॅपसाठी झुंबड फार, हे एका वापरकर्त्याने हेरलं आणि मॅपचं कामही रिड्यूसमध्येच कोंबून टाकलं.

अली घोदसी, मातेई झहारिया, बेंजामिन हिंडमन आणि त्यांच्या बर्कलीतल्या सहकाऱ्यांनी २०११च्या शोधनिबंधात हे किस्से नोंदवले आहेत. याच मंडळींनी त्या सुमारास मेसॉस हे क्लस्टरच्या वाटपाचं सॉफ्टवेअर उभं केलं. तोवर हडूपला एक क्लस्टर, एमपीआयवर चालणाऱ्या समांतर कामांना दुसरा, अशी वाटणी असे. एकीकडे कामांची रांग, शेजारी मशिनं रिकामी. एकाच क्लस्टरवर सगळ्यांना नांदवायचं, हा मेसॉसचा उद्देश.

आधीची शेड्युलर मंडळी, म्हणजे कामांना मशिनं नेमून देणारी सॉफ्टवेअरं, प्रत्येकाची गरज विचारून घेत आणि जागा स्वतःच ठरवत. मेसॉस पंगतीतल्या वाढप्यासारखं वागतं. अमुक मशिनवर इतके सीपीयू आणि इतकी मेमरी मोकळी आहे, हवी का? समोरच्या हडूपने किंवा स्पार्कसारख्या दुसऱ्या सॉफ्टवेअरने हवं तेवढं घ्यावं, नको असेल तर हात आडवा करावा. आपला डेटा ज्या मशिनवर आहे तिथलीच जागा हवी असेल, तर हडूप आलेला देकार नाकारून थोडा थांबतो. हे थांबणं पाच सेकंदांचं असलं तरी चाचणीत ९५ टक्के कामांना डेटा जवळच मिळाला. क्लस्टरचे कायमचे तुकडे पाडले तेव्हा हे प्रमाण १८ टक्के होतं. कोणाला कुठे बसायचंय याची उठाठेव मेसॉस करत नाही, म्हणून त्याचा गाभा सुमारे दहा हजार ओळींत मावला.

पण पुढचा देकार कोणाला द्यायचा? मेसॉसमधला खरा ऐवज इथे आहे, असं मला वाटतं. समजा, ९ सीपीयू, १८ जीबी मेमरी आणि दोन वापरकर्ते आहेत. पहिल्याच्या प्रत्येक कामाला १ सीपीयू, ४ जीबी लागतात. दुसऱ्याच्या कामाला ३ सीपीयू, १ जीबी. सरळ अर्धं-अर्धं केलं तर पहिल्याची दोन कामं चालतात, दुसऱ्याचं एकच, आणि बरंच काही पडून राहतं. त्याच निबंधातल्या घोदसींच्या नियमात प्रत्येकाची भूक ज्या वस्तूची जास्त, तिच्यातला वाटा मोजायचा. पहिल्याची मेमरी, दुसऱ्याचा सीपीयू. ज्याचा वाटा मागे पडलाय त्याला आधी द्यायचं. मग पहिल्याची तीन कामं बसतात, दुसऱ्याची दोन. एकाकडे १२ जीबी, दुसऱ्याकडे ६ सीपीयू, म्हणजे दोघांनाही आपापल्या वस्तूचा दोन तृतीयांश. गरज फुगवून सांगितली तरी पदरात जास्त पडत नाही, हे त्यांनी गणिताने सिद्ध केलं. लूप पेरणाऱ्यांचा धंदा बसला, म्हणायचा.

ट्विटरने मेसॉस उचललं. गूगलमधून तिथे आलेल्या इंजिनिअरांना घरच्या बॉर्ग या क्लस्टर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची सवय होती आणि तसं काही बाहेर मिळत नव्हतं. बॉर्गबद्दल गूगलने सविस्तर निबंध छापला तो थेट २०१५ साली.

मेसॉसच्या विचारून वाढण्याच्या अदबीला किंमतही होती. एक देकार एका वेळी एकापुढेच जातो. त्याने उत्तर द्यायला वेळ लावला तर तेवढा वेळ ती मशिनं अडकून पडतात. गूगलच्या २०१३च्या ओमेगा निबंधाने नेमकं यावरच बोट ठेवलं. शिवाय प्रत्येक ॲप्लिकेशनने स्वतःचा शेड्युलर लिहावा, ही अपेक्षा सामान्य टीमला जडच. गूगलने २०१४ साली कुबरनेटीस खुलं केलं. गरज लिहून द्या, जागा आम्ही शोधतो, असा त्याचा खाक्या. आणि लोकांना तेच सोयीचं वाटलं. मेसॉस विकायला निघालेल्या मेसोस्फिअर कंपनीने २०१९मध्ये नाव बदललं आणि मोर्चा कुबरनेटीसकडे वळवला.

घोदसींचा वाटपाचा नियम हडूपच्या यार्न या शेड्युलरमध्ये अजून चालतो. आणि मेसॉसवर काय काय करता येईल हे दाखवायला झहारियांनी जो स्पार्क सुरुवातीला लिहिला, त्याच्या २०२५मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीतून मेसॉसचा आधार काढून टाकला आहे.