क्षयरोग्याचें ताट

१९९९ सालीं भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा हा भाताचा व तलावांचा मुलूख. जुने मालगुजारी तलाव येथें गांवोगांवीं दिसतात. परंतु जेथें भात पिकतो तेथें प्रत्येकाच्या ताटांत पुरेसें वरण पडतेंच, असें नाहीं. आणि क्षयरोगाच्या बाबतींत हें अंतर जिवावर बेततें.

क्षयाचा जंतु बळावला कीं ताप येतो, अन्नावरची वासना उडते आणि शरीर स्वतःचेंच मांस जाळूं लागतें. उलटपक्षीं, जो मुळांतच अर्धपोटीं, त्याच्या देहांत दबून राहिलेल्या जंतूला डोकें वर काढण्यास वाव मिळतो. औषधें जंतूंना मारतात. झडलेलें मांस भरून काढण्याचें काम मात्र अन्नाचें.

झारखंडांत २०१९ ते २०२२ या काळांत डॉ. अनुराग व डॉ. माधवी भार्गव यांच्या प्रयोगांत २,८०० रोग्यांना औषधांबरोबर दरमहा १० किलोंचा शिधा देण्यांत आला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचें वजन ५ टक्क्यांनीं वाढलें, त्यांच्यांत मृत्यूचा धोका सुमारें ६१ टक्क्यांनीं कमी आढळला. ज्या घरांत इतरांनाहि तांदूळ व डाळ मिळाली, तेथें नव्या रोग्यांचें प्रमाण सुमारें ३९ टक्क्यांनीं घटलें.

सरकारची निक्षय पोषण योजना २०१८ पासून रोग्याच्या खात्यांत दरमहा ५०० रुपये जमा करूं लागली. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. परंतु घरांतील चूल एकच असते. आजारी आईच्या वांट्याचें अंडें मुलाच्या ताटांत जातें, त्यांत तिचा दोष कसला? म्हणून रोग्याला पोसावयाचें तर सबंध घराच्या शिध्याचा विचार करावा लागतो.

त्यासाठीं महागड्या भुकट्यांचीच गरज आहे, असें नाहीं. भाताबरोबर दाट वरण, तलावांतील मासे, अंडीं, दूध, शेंगदाणे, जवसाची चटणी हें सारें गोंदियाच्या बाजारांत मिळतें. भूक मंद असल्यास थोडें थोडें, पण अनेकदां खावें. मधुमेह असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानें. वजन दरमहा करावें, कारण औषधाची मात्राहि वजनावरच ठरते.

एक सावधगिरी मात्र हवी. अंग भरलें, खोकला थांबला, कीं रोग गेला असें वाटतें आणि गोळ्या सुटतात. साध्या क्षयाचे उपचारहि बहुधा सहा महिने चालतात. ताट भरलेलें असावें, पण गोळी चुकूं नये. या दोहोंपैकीं एकानें दुसऱ्याचें काम होत नाहीं.